क्लिक नेमकी कुठे हरवते?

लिनक्सवर माउसची क्लिक ओळखणारी शेल स्क्रिप्ट जेमतेम चार-पाच ओळींची असते. एक्सइनपुट माउसवर लक्ष ठेवतं, ग्रेप त्यातून बटण दाबल्याच्या ओळी वेचतं, ‘व्हाइल रीड’चा लूप त्या एकेक करून उचलतो आणि आत आपलं काम होतं: मोजणी, नोंद, आवाज, स्क्रीनशॉट, काहीही. टर्मिनलवर प्रत्येक तुकडा सुटा चालवून पाहिला तर तो चोख वागतो. सगळे पाइपने (एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणाऱ्या नळीने) जोडले की सामसूम. बटण कितीही दाबा, पडद्यावर काही उमटत नाही. आणि मग ध्यानीमनी नसताना दोनशे ओळी एकदम कोसळतात.

अशा वेळी संशय आधी माउसवर जातो, मग ड्रायव्हरवर, मग परवानग्यांवर. पण बोट आणि लूप यांच्यामध्ये ही क्लिक कितीतरी हातांतून जाते. स्विच, यूएसबी, कर्नल (लिनक्सचा गाभा), लिबइनपुट (इनपुटचा अर्थ लावणारी लायब्ररी), डिस्प्ले सर्व्हर (खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम), ओळी छापणारा प्रोग्रॅम, ओळी गाळणारा प्रोग्रॅम आणि शेवटी शेल. प्रत्येक जण तिचं रूप थोडं बदलून पुढे देतो. म्हणून ‘स्क्रिप्ट का चालत नाही’ हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. ‘क्लिक कुठपर्यंत पोचली’ हे विचारावं; त्याचं उत्तर प्रत्येक टप्प्यावर डोळ्यांनी पाहता येतं.

पाहण्याचं सगळ्यात साधं साधन म्हणजे टी ही कमांड. दोन टप्प्यांच्या मधे ‘टी /डेव्ह/एसटीडीएरर’ बसवली की तिथून जाणारा मजकूर टर्मिनलवरही दिसतो. टीची मोठी सोय अशी, की ती स्वतःकडे काही साठवून ठेवत नाही. पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाणातच तसं बंधन आहे. टीला ओळी दिसतात आणि पुढे पोचत नाहीत, तर अडसर नंतरच्या टप्प्यात. टीलाच काही दिसत नसेल, तर अडसर आधी.

बहुतेक वेळा हा अडसर बफरचा, म्हणजे आउटपुट साठवून ठेवण्याच्या जागेचा, असतो. सी लायब्ररी आपलं आउटपुट कुठे चाललं आहे ते बघते. समोर टर्मिनल असेल तर ओळ पूर्ण होताच ती सोडून देते. समोर पाइप असेल तर ओळी साठवत राहते आणि ४०९६ बाइटचा गठ्ठा भरल्यावरच पुढे ढकलते. बटण दाबल्याची एक ओळ वीसेक अक्षरांची धरली, तर ग्रेपचा गठ्ठा भरायला दोनशेच्या वर क्लिक लागतात. सुटं चालवल्यावर सगळं ठीक दिसतं ते यामुळेच. तेव्हा समोर टर्मिनल असतं.

यात एक फसवी गोष्ट आहे आणि तीच निदानाच्या कामी येते. एक्सइनपुट क्लिकबरोबर माउसच्या हालचालीच्याही ओळी छापतं. पहिला टप्पा ओळी साठवत असेल, तर माउस गरागरा फिरवला की त्या ओळींनी त्याचा गठ्ठा काही क्षणांत भरतो. तेव्हा माउस फिरवल्यावर अडकलेल्या क्लिक बाहेर पडत असतील, तर बूच पहिल्या टप्प्यात आहे. कितीही फिरवला तरी काही होत नसेल, तर बूच ग्रेपमध्ये किंवा त्यानंतर, कारण तिथे हालचालीच्या ओळी पोचतच नाहीत. खात्री हवी असेल तर ग्रेपचा प्रोसेस क्रमांक घेऊन स्ट्रेसने (प्रोग्रॅमने कर्नलला केलेले कॉल दाखवणाऱ्या साधनाने) फक्त रीड आणि राइट या दोन कॉलवर नजर ठेवावी. प्रत्येक क्लिकला रीड होताना दिसतो आणि राइट मात्र येत नाही. यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळत नाही.

उपाय टप्प्यागणिक वेगळा आहे. ग्रेपला ‘--लाइन-बफर्ड’ द्यावं, सेडला (ओळी बदलणाऱ्या कमांडला) ‘-यू’. ऑकमध्ये (ओळींचे रकाने पाडणाऱ्या कमांडमध्ये) प्रत्येक प्रिंटनंतर एफफ्लश करावं. पण ऑक म्हणून डेबियन आणि उबुंटूवर मुळात मॉक असतं, आणि मॉक आउटपुटच नव्हे, इनपुटही गठ्ठ्याने घेतं. तिथे नुसता एफफ्लश लावून हात चोळत बसावं लागतं. ‘-डब्ल्यू इंटरॅक्टिव्ह’ दिल्याशिवाय ते हलत नाही. ज्या प्रोग्रॅमला असा स्वतःचा पर्याय नाही, त्याच्या आधी ‘स्टडबफ -ओएल’ लावता येतं.

स्टडबफच्या मर्यादा मात्र माहीत हव्यात. ते प्रोग्रॅम सुरू होताना एक छोटी लायब्ररी आधी चढवतं आणि तिच्याकरवी बफरची पद्धत बदलतं. प्रोग्रॅम स्टॅटिक लिंक केलेला (लायब्ररी आतच बांधलेला) असेल, किंवा तो स्वतःच आपला बफर ठरवत असेल, तर स्टडबफचं काही चालत नाही आणि ते तक्रारही करत नाही. सुडोबरोबर (रूटचे अधिकार देणाऱ्या कमांडबरोबर) क्रम महत्त्वाचा ठरतो. सुडो पर्यावरणातली चलं पुसून टाकतं, म्हणून ‘स्टडबफ, मग सुडो, मग प्रोग्रॅम’ असं लिहिलं तर परिणाम शून्य. ‘सुडो, मग स्टडबफ, मग प्रोग्रॅम’ असाच क्रम हवा. आणि पाइपमध्ये लिहिणाऱ्या प्रत्येक टप्प्यावर उपाय करावा लागतो. तीनपैकी दोन मोकळे करून तिसरा राहिला, तर लक्षण तसूभरही बदलत नाही आणि आधीचे दोन्ही उपाय उगाच फसलेले वाटतात.

ओळी वेळेवर येऊ लागल्या की पुढचं दुखणं वर येतं. लूपच्या आत मोजणी वाढताना दिसते, लूप संपल्यावर ती शून्य. पाइपच्या उजव्या बाजूचा लूप बॅश उपशेलमध्ये, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या प्रतीत, चालवतं. तिथे बदललेलं चल त्या उपशेलबरोबरच जातं. लूप मुख्य शेलमध्ये ठेवायचा तर कमांड पाइपच्या डावीकडे न ठेवता प्रोसेस सब्स्टिट्यूशनने, म्हणजे लूपच्या ‘डन’पुढे ‘< <(कमांड)’ लिहून जोडावी. हे बॅशचं वैशिष्ट्य आहे. पहिल्या ओळीत ‘/बिन/एसएच’ लिहिलं असेल तर डेबियन-उबुंटूवर तिथे डॅश असतं, आणि ते याच ओळीवर सिंटॅक्स एरर देऊन थांबतं. पहिल्या ओळीत बॅशचं नाव स्पष्ट लिहावं, हे उत्तम.

लूपच्या आत एफएफएमपेग किंवा एसएसएच चालवत असाल तर पहिली क्लिक नोंदली जाते आणि पुढच्या काही गायब होतात. हे प्रोग्रॅम स्वतःही स्टँडर्ड इनपुट वाचतात आणि लूपसाठी आलेल्या ओळी गिळून बसतात. त्यांच्यापुढे ‘< /डेव्ह/नल’ लिहिलं की झालं.

ग्रेपचा नमुना हा तसा क्षुल्लक विषय, पण वेळ फार खातो. एक्सइनपुटच्या ओळीत ‘प्रेस’ या शब्दानंतर तीन स्पेस असतात आणि ‘रिलीज’नंतर एक, दोन्ही प्रकारच्या ओळींचे आकडे एका रेषेत यावेत म्हणून. एक स्पेस धरून लिहिलेला नमुना सुटण्याच्या ओळी पकडतो, दाबण्याच्या एकही नाही. तीन स्पेस मोजून लिहिल्या तरी ‘१’चा नमुना दहाव्या-अकराव्या बटणालाही लागतो, आणि पुष्कळ बटणांच्या माउसवर ती असतातच. त्यापेक्षा ऑकने रकाने पाडून दुसरा आणि तिसरा रकाना तपासणं जास्त भरवशाचं. कितीही स्पेस असल्या तरी ऑकला फरक पडत नाही. हेही ध्यानात असू द्या, की एक्सच्या, म्हणजे जुन्या डिस्प्ले सर्व्हरच्या, जगात चाकाची फिरकी म्हणजे ४ आणि ५ क्रमांकांची बटणं, आडवी फिरकी म्हणजे ६ आणि ७. ‘कोणतंही बटण’ मोजणारी स्क्रिप्ट एखादं पान खाली सरकवलं की डझनभर क्लिक नोंदवते.

एवढं करूनही काहीच येत नसेल, तर पर्यावरणातलं एक्सडीजी_सेशन_टाइप हे चल छापून बघा. उत्तर वेलँड (एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था) आलं, तर एक्सइनपुटला दोष देण्यात अर्थ नाही. वेलँडची रचनाच अशी आहे, की एका खिडकीला दुसऱ्या खिडकीचं इनपुट दिसू नये. एक्सइनपुट तिथे एक्सवेलँडशी (एक्सच्या ॲपसाठी असलेल्या मधल्या सर्व्हरशी) बोलतं. यादीत ‘एक्सवेलँड-पॉइंटर’ अशी नावं दिसतात आणि क्लिक कळते ती फक्त एखाद्या एक्स खिडकीवर केलेली. ‘या ॲपवर चालतं, त्या ॲपवर चालत नाही’ ही तक्रार बहुधा इथलीच. पार्श्वभूमीत, क्रॉन किंवा सिस्टमडीच्या सेवेतून चालवल्यावर ‘एक्स सर्व्हरशी जोडणी झाली नाही’ असा संदेश येत असेल, तर डिस्प्ले आणि एक्सऑथॉरिटी ही दोन चलं तिथपर्यंत पोचलेली नाहीत.

वेलँडवर पुष्कळ जण ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’कडे वळतात. ती कमांड छान आहे, पण तिच्या मॅन्युअलमध्येच लिहिलं आहे की हे तपासणीचं साधन आहे, आउटपुट कधीही बदलू शकतं, त्यावर विसंबू नका. मला ते शब्दशः घ्यावंसं वाटतं. बघायला ती वापरावी. टिकाऊ स्क्रिप्ट मात्र त्याच्या खाली, कर्नलच्या दारात बांधावी. तिथे एक्स आणि वेलँड हा भेदच उरत नाही.

कर्नलची दोन दारं आहेत. पहिलं ‘/डेव्ह/इनपुट/माइस’. सगळ्या माउसचा मजकूर इथे एकत्र येतो, जुन्या पीएस/२ पद्धतीने, दर वेळी तीन बाइट. पहिल्या बाइटच्या तळाच्या तीन बिटमध्ये डावं, उजवं आणि मधलं बटण. चौथा बिट कायम १. पुढचे दोन बाइट आडवी आणि उभी हालचाल. माउस स्थिर ठेवून डावं बटण दाबलं तर ९, ०, ० येतं, सोडलं तर ८, ०, ०. उजवं १०, मधलं १२.

हे आकडे बॅशच्या रीडसाठी किती वाईट आहेत ते पाहा. ९ म्हणजे टॅब, आणि टॅबला रीड मोकळी जागा समजून छाटून टाकतं. १० म्हणजे नवी ओळ, आणि तिथे रीड वाचन संपवतं. ० म्हणजे नल, आणि बॅशच्या चलात नल राहूच शकत नाही. डावी क्लिक मोकळी जागा म्हणून जाते, उजवी ओळीचा शेवट म्हणून, आणि हालचालीचे दोन शून्य बाइट वाटेतच गळतात. बायनरी मजकूर शेलच्या हातात थेट देऊच नये. मधे बाइटचे आकडे करून छापणारं ओडी ठेवावं: पत्ते नकोत म्हणून ‘-एएन’, बिनचिन्हाचे एकेक बाइट म्हणून ‘-टी यू१’, एका ओळीत तीन म्हणून ‘-डब्ल्यू३’. आणि ‘-व्ही’ विसरू नये. त्याच्याशिवाय ओडी सारख्या ओळी एकामागून एक आल्या की त्यांच्या जागी फक्त एक तारा छापतं आणि मोजणी कोलमडते. ओडीचं आउटपुटही पाइपमध्ये साठतं, म्हणून त्याच्या आधी स्टडबफ हवंच.

या दाराचा आणखी एक स्वभाव आहे. इथे बदल कळत नाही, स्थिती कळते. बटण दाबून धरून माउस ओढला, तर येणाऱ्या प्रत्येक तीन बाइटमध्ये डावा बिट १ असतो. एका ओढीत चाळीस क्लिक नोंदल्या जाण्याचं कारण हे. आधीच्या पाकिटातला बिट लक्षात ठेवावा आणि तो ० वरून १ झाला तेव्हाच क्लिक मोजावी.

दुसरं दार जास्त चांगलं: ‘/डेव्ह/इनपुट/इव्हेंट’ आणि पुढे क्रमांक. इथे फक्त बदल येतो. ६४ बिटच्या यंत्रणेवर एका नोंदीचे २४ बाइट: सेकंदांचे आठ, मायक्रोसेकंदांचे आठ, प्रकाराचे दोन, कोडचे दोन, मूल्याचे चार. ओडीला ‘-टी यू२’ आणि ‘-डब्ल्यू२४’ दिलं की बारा रकाने पडतात. नववा रकाना १, दहावा २७२ आणि अकरावा १ असेल, तर डावं बटण दाबलं गेलं. अकरावा ० असेल तर सुटलं. उजवं २७३, मधलं २७४, बाजूची दोन २७५ आणि २७६. ३२ बिटच्या जुन्या मांडणीत नोंद १६ बाइटची असते आणि तेच तीन आकडे पाचव्या, सहाव्या, सातव्या रकान्यात येतात. यूएसबी माउसवर बटणाच्या नोंदीआधी बहुधा प्रकार ४ची एक नोंद येते आणि नंतर प्रकार ०ची, म्हणजे ‘हा संच संपला’ अशी खूण. दाबून सोडलेल्या एका क्लिकला सहा ओळी दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. हे डिव्हाइस डीडी या कमांडने एकेक बाइट करून वाचायला गेलात तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ मिळतं. पूर्ण नोंदीपेक्षा कमी वाचायला कर्नल परवानगी देत नाही.

क्रमांक स्क्रिप्टमध्ये कोरून ठेवू नये. माउस काढून लावला किंवा यंत्र पुन्हा सुरू झालं की तो बदलू शकतो. ‘/डेव्ह/इनपुट/बाय-आयडी’ या फोल्डरात शेवटी ‘इव्हेंट-माउस’ असलेली लिंक असते, ती टिकते. शेवटी नुसतं ‘माउस’ असलेली लिंक मात्र तीन बाइटच्या जुन्या पद्धतीकडे नेते. ती उचलली तर २४ बाइटचं सगळं गणित कचरा दाखवतं. आणि वाचत असताना माउस उपटला तर ओडी त्रुटी देऊन संपतं. स्क्रिप्ट दीर्घकाळ चालवायची असेल तर बाहेरून आणखी एक लूप हवा, जो लिंक परत दिसेपर्यंत थांबेल.

परवानगीचं थोडक्यात: या फाइल रूट आणि इनपुट गटाच्या असतात. स्वतःला इनपुट गटात घातलं की काम होतं, पुन्हा लॉगिन केल्यावर. पण त्या गटातल्या माणसाचा प्रत्येक प्रोग्रॅम कीबोर्डही वाचू शकतो, पासवर्डसकट. त्या एका माउसपुरता यूडेव्हचा (डिव्हाइसच्या फाइल सांभाळणाऱ्या सेवेचा) नियम लिहिणं थोडं कष्टाचं आहे, तरी तेच करावं.

टचपॅडवर टॅप केलं आणि २७२ आलंच नाही, तर तेही बरोबरच आहे. टॅपची क्लिक कर्नलमध्ये जन्मतच नाही. कर्नल ३३० हा स्पर्शाचा कोड आणि बोटांच्या जागा सांगतो. त्याला क्लिक मानायचं की नाही हे लिबइनपुट ठरवतं. दोन बोटांनी दाबलेली उजवी क्लिकही अशीच वर घडते, खाली फक्त २७२ दिसतं. उलट बाजूने, झिजलेल्या स्विचच्या थरथरीमुळे एका दाबात दोन क्लिक येतात त्या लिबइनपुट गाळून टाकतं, पण कर्नलच्या दारात त्या जशाच्या तशा दिसतात. नोंदीतला वेळ वापरून २५ मिलिसेकंदांच्या आत परत आलेलं दाबणं सोडून द्यावं. माणसाचं बोट इतक्या जलद दोनदा चालत नाही.

डिव्हाइस बरोबर, परवानगी बरोबर, तरी मजकूर शून्य असेल, तर दुसऱ्या कुणी ते डिव्हाइस स्वतःपुरतं धरून ठेवलेलं असतं. बटणांची अदलाबदल करणाऱ्या सेवा हे करतात. एव्हटेस्ट हे इव्हेंट दाखवणारं साधन अशा वेळी स्पष्ट सांगतं, म्हणून निदानाला ते एकदा चालवावंच. एव्हटेस्टचा ‘--क्वेरी’ पर्याय बटणाची सध्याची स्थिती देतो, पण त्याचा एक्झिट कोड उलटा वाटतो: बटण दाबलेलं नसेल तर ०, दाबलेलं असेल तर १०. ‘इफ’मध्ये सरळ वापरलं तर अट नेमकी विरुद्ध लागते. शिवाय अशी विचारणा लूपमध्ये थोड्या-थोड्या वेळाने करणं मला पटत नाही. हलकी क्लिक सेकंदाच्या दहाव्या भागातच संपते. लूप पाव सेकंद झोपत असेल तर ती दोन विचारणांच्या मधून निसटते.

वेगवान माउस सेकंदाला हजार वेळा बोलतो. बॅशचं रीड पाइपमधून एका वेळी एकच बाइट उचलतं, कारण ओळीपलीकडचं वाचलं तर त्याला ते परत ठेवता येत नाही. म्हणून गाळणी लूपच्या आधी, ऑकमध्येच व्हावी. लूपच्या आत ‘इफ’ लावून हालचाली टाकून देणं म्हणजे गावभर फिरून शेजारच्या घरी जाणं. लूप मागे पडला की पाइपचे ६४ किलोबाइट भरतात, ओडी लिहिताना अडकतं, आणि कर्नलची रांग ओसंडली की प्रकार ०, कोड ३ अशी नोंद येते. तिचा अर्थ काही इव्हेंट गेले. ही नोंद ऑकमध्ये पकडून लॉगमध्ये टाकावी, नाहीतर हरवलेल्या क्लिकचा मागमूसही राहत नाही.

चाचणीसाठी एक्सडूटूलने खोटी क्लिक मारली तर स्क्रिप्ट ती ओळखत नाही. ती क्लिक ‘एक्सटेस्ट’ नावाच्या आभासी पॉइंटरवर उमटते. खऱ्या माउसच्या क्रमांकावर नाही आणि कर्नलमध्ये तर नाहीच. एव्हेमूने खऱ्या क्लिकचं रेकॉर्डिंग करून ते त्याच डिव्हाइसवर परत वाजवावं. तेच रेकॉर्डिंग दर बदलानंतर वाजवता येतं आणि मोजणी तीच आली पाहिजे.

तीच चाचणी दुसऱ्यांदा चालवल्यावर प्रत्येक क्लिक दोनदा नोंदली जात असेल, तर आधीची स्क्रिप्ट अजून जिवंत आहे. मुख्य शेलला किल केलं तरी पाइपमधला लूप उपशेलमध्ये चालत राहतो आणि त्याच लॉगमध्ये लिहितो. ट्रॅप (सिग्नल आल्यावर चालणारी कमांड) लावूनही हे होतं, कारण पुढे चालू असलेली कमांड संपेपर्यंत बॅश ट्रॅप चालवत नाही, आणि आपली पाइपलाइन तर कधी संपतच नाही. पाइपलाइन ‘&’ देऊन मागे टाकावी आणि मुख्य शेल ‘वेट’वर थांबवावं; वेट सिग्नल येताच सुटतं, ट्रॅप लगेच चालतो आणि त्यात मागच्या प्रक्रियांना किल करता येतं. दर चाचणीआधी ‘फ्यूजर -व्ही’ला (फाइल कोणी उघडली आहे ते सांगणाऱ्या कमांडला) माउसच्या इव्हेंट फाइलचं नाव द्यावं. डिस्प्ले सर्व्हरखेरीज तिथे एखादं ओडी बसलेलं दिसलं, तर आधी ते बंद करावं, मग रेकॉर्डिंग वाजवावं.